गुलाबाचा आठवडा आधी, विमानाचं तिकीट नंतर

इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या बागा आणि जुन्या जमीनदारी वाड्यांबद्दल आलेल्या पत्रांमधले हे निवडक प्रश्न. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

मुलगी लंडनजवळ राहते. आम्ही दोघं जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दीड महिना तिच्याकडे असू. बागांची यादी काढली तर ती तिसावर गेली! कुठून सुरुवात करावी? – एक वाचक, पुणे

यादी बाजूला ठेवा, आधी कॅलेंडर काढा. तिथला बहर आठवड्यांत मोजतात. फेब्रुवारीत स्नोड्रॉप, एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत रानातले ब्लूबेल, मेअखेर ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया, जूनच्या मध्यापासून गुलाब, जुलै-ऑगस्टमध्ये बहुवर्षायू फुलझाडांचे लांबच लांब वाफे, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून पानांचे रंग. तुमच्या वाट्याला नेमके गुलाब आलेत. तेव्हा पहिला मान हॅम्पशरमधल्या मॉटिसफाँटचा.

मॉटिसफाँटला विटांच्या उंच भिंतींआड एक जुनी भाजीबाग होती. ग्रॅहॅम स्टुअर्ट टॉमस या गुलाबतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात तिथे जुन्या जातींचे गुलाब जमवले. यातल्या बहुतेक जाती वर्षातून एकदाच फुलतात, फुलवाल्याकडच्या गुलाबासारख्या बारमाही नव्हेत. त्यामुळे १८ जूनला जाणारा आणि २० जुलैला जाणारा, दोघं एकाच तिकिटात दोन निराळ्या बागा बघून येतात. वसंत ऋतू उबदार गेला तर बहर अलीकडे सरकतो, थंड गेला तर लांबतो. म्हणून दिवस आधीपासून पक्का न करता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बागेने टाकलेले ताजे फोटो बघा आणि मग ठरवा. शनिवार-रविवार टाळा. दार उघडताना आत असाल तर वासही मिळतो, दुपारी नुसती माणसं.

दुसरी बाग केंट परगण्यातली सिसिंगहर्स्ट. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकल्सन या लेखक जोडप्याने १९३० मध्ये एक पडझड झालेला वाडा घेतला. रेषा हॅरल्डच्या आणि लागवड व्हिटाची, अशी वाटणी होती. हॅरल्डने जमिनीचे भिंती आणि झाडांची कुंपणं घालून खोल्यांसारखे भाग पाडले, व्हिटाने त्या खोल्या फुलांनी ठासून भरल्या. नुसतं हिंडलं तर हे लक्षात येत नाही. आधी मधल्या मनोऱ्याचा अरुंद गोल जिना चढून वर जा. गच्चीवरून सगळा नकाशा पायाखाली दिसतो, मग खाली उतरून एकेका खोलीत शिरा.

तिथली पांढरी बाग सगळ्यांना ऐकून ठाऊक असते. ती नुसती पांढऱ्या फुलांची असती तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता. खरी करामत पानांची आहे. रुपेरी, राखाडी, निळसर, पोपटी अशा पानांच्या छटा आणि त्यांना चौकट म्हणून कातरलेल्या बॉक्स या झुडपाच्या बुटक्या काळपट-हिरव्या कडा. मधोमध लोखंडी मांडवावर मुलिगनाय नावाचा वेलगुलाब चढवलाय. तो उशिरा, साधारण जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात फुलतो. म्हणजे मॉटिसफाँट आधी, सिसिंगहर्स्ट नंतर. अकरा ते दोनच्या दरम्यान तिथल्या चिंचोळ्या वाटांवर खांद्याला खांदा लागतो, तेव्हा तीननंतर जा.

तिसरी हवीच असेल तर ईस्ट ससेक्समधली ग्रेट डिक्स्टर. ख्रिस्तोफर लॉइड या माळीबुवांनी १९९०च्या दशकात घरची जुनी गुलाबबाग सरळ उपटून काढली आणि तिथे केळी, कर्दळ, डेलिया असा उष्ण कटिबंधाचा जामानिमा मांडला. आपल्या परसातली कर्दळ तिथे केवढा भाव खाते ते बघायला मजा येते, पण तो भाग ऑगस्ट-सप्टेंबरचा. तुम्हाला तो अर्धवट वाढलेला दिसेल. बाकीची बाग मात्र भरात असेल.

एका दिवसात एकच बाग. अंतरं नकाशावर छोटी दिसतात म्हणून दोन कोंबल्या की दुसरीच्या दारात ‘शेवटचा प्रवेश संपला’ ही पाटी भेटते. जूनमध्ये तिथे रात्री नवापर्यंत उजेड असतो आणि आपण त्याला फसतो. बागा मात्र बहुधा पाच-साडेपाचला बंद.

आम्ही साठीपुढचे आहोत, तिथे गाडी चालवायची नाही. रेल्वे-बसने हे जमतं का? – एक वाचक, नाशिक

काही ठिकाणी छान जमतं, काही ठिकाणी अजिबात नाही. बागा निवडतानाच हा हिशेब करावा.

सोप्या बागा अशा: मॉटिसफाँटला ‘मॉटिसफाँट अँड डनब्रिज’ नावाचं छोटं स्टेशन आहे. सॉल्झबरी किंवा रॉम्झीला गाडी बदलून उतरलात की दीडेक किलोमीटर चालणं. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला शेफील्डहून बस जाते. ब्लेनम पॅलेससाठी ऑक्सफर्डहून वुडस्टॉकची बस धरायची, ती राजवाड्याच्या फाटकाजवळ सोडते. ससेक्समधल्या शेफील्ड पार्क बागेला जायचं असेल तर ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत साधी लोकल आणि पुढे ब्लूबेल रेल्वे ही जतन केलेली वाफेची आगगाडी. मात्र ती रोज धावत नाही, वेळापत्रक बघूनच निघा. हे शेफील्ड आणि चॅट्सवर्थवालं शेफील्ड यांच्यात अर्धं इंग्लंड आहे, हेही ध्यानात असू द्या.

अवघड बागा: सिसिंगहर्स्टला लंडनच्या चेरिंग क्रॉसहून स्टेपलहर्स्टपर्यंत तासाभरात पोचाल, पण पुढे आठ-नऊ किलोमीटर उरतात. स्टेशनाबाहेर रिक्षासारख्या टॅक्स्या उभ्या नसतात. आदल्या दिवशी फोन करून टॅक्सी ठरवा, आणि परतीचीही तेव्हाच. विल्टशरमधल्या स्टोअरहेडला जवळचं स्टेशन गिलिंगहॅम, तिथून दहाएक किलोमीटर टॅक्सी. इथे एक सापळा आहे. गिलिंगहॅम दोन आहेत. आपल्याला हवं ते डॉर्सेटचं, गाडी वॉटर्लूहून. केंटमधल्या गावाचं स्पेलिंग तेच, उच्चार मात्र जिलिंगहॅम. तिकीट काढताना परगण्याचं नाव तपासा, नाहीतर बरोबर उलट्या दिशेला जाल.

साठीपुढच्यांना सीनियर रेलकार्ड मिळतं, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट. परदेशी पासपोर्टही चालतो. मुलगी-जावई बरोबर येणार असतील तर त्यांनी ‘टू टुगेदर’ कार्ड काढावं. त्यावर दोघांचीही नावं आणि फोटो असतात, दोघं एकत्र असतील तरच चालतं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी नाही. रविवारी खेड्यातल्या बस बहुधा नसतात आणि रेल्वेमार्गाची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात, मग गाडीऐवजी बदली बस मिळते. बागेसाठी मंगळवार ते गुरुवार उत्तम; मात्र खासगी बागांच्या सुट्टीचे वार बघून घ्या.

मुलगा गाडी चालवेल, पण गूगलने आम्हाला मागे एकदा एका वाड्याच्या बंद फाटकापाशी नेऊन सोडलं. चूक कुठे होते? – एक वाचक, ठाणे

पिनकोडमध्ये. तिथला पोस्टकोड टपालासाठी असतो, आणि मोठ्या इस्टेटीचं टपाल जातं ते कचेरीच्या दाराला. पाहुण्यांचं दार दोन-तीन किलोमीटर पलीकडे असू शकतं. वाड्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘कसे याल’ या भागात दिलेला पोस्टकोडच टाका, आणि शेवटच्या टप्प्यात फोनपेक्षा तपकिरी पाट्यांवर विश्वास ठेवा. पर्यटनस्थळांच्या पाट्या तपकिरी असतात, आणि नॅशनल ट्रस्ट या जुने वाडे-बागा सांभाळणाऱ्या संस्थेच्या जागांच्या पाटीवर ओकच्या पानांचं चिन्ह असतं.

शेवटचे रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना उंच झाडोरा. मध्ये मध्ये गाडी बाजूला घेण्यापुरती बगल दिलेली असते. समोरून गाडी आली आणि बगल आपल्या मागे असेल तर आपण मागे जायचं. हॉर्न वाजवायचा नाही; हात वर करून आभार मानायचे.

दोघांच्या तिकिटाचे चाळीस पौंड ऐकून घाबरलो. काही मार्ग? – एक वाचक, कोल्हापूर

पाच-सहा जागा बघणार असाल तर नॅशनल ट्रस्टचं वार्षिक सदस्यत्व वसूल होतं, शिवाय त्यांच्या बहुतेक वाहनतळांवर पार्किंग फुकट. १८९५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सरकारी नाही, धर्मादाय आहे. पण ‘सगळ्या इंग्लंडचा पास’ समजून तिचं कार्ड घेऊ नका. सिसिंगहर्स्ट, मॉटिसफाँट, स्टोअरहेड, हिडकोट आणि स्टो या बागा ट्रस्टच्या आहेत. चॅट्सवर्थ, ब्लेनम, ग्रेट डिक्स्टर, राउशम नाहीत. यादी आधी ट्रस्टच्या जागांशी ताडून बघा, मगच पैसे भरा.

खिडकीवर विचारतील: गिफ्ट एड लावू का? याचा अर्थ, तुम्ही थोडे जास्त पैसे देणगी म्हणून द्यायचे आणि त्यावरचा आयकर संस्था सरकारकडून परत मिळवणार. हे फक्त ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही पाहुणे आहात, तेव्हा ‘नको’ म्हणा. त्यात कंजूषपणा नाही, उलट ‘हो’ म्हणणंच चूक. लेकीच्या पगारातून तिथे कर कापला जात असेल आणि पैसे ती भरत असेल तर तिने ‘हो’ म्हणावं.

आमची खरी शिफारस मात्र नॅशनल गार्डन स्कीम. १९२७ मध्ये ६०९ खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन परिचारिकांच्या मदतनिधीसाठी उघडल्या, आणि ती प्रथा आजही चालू आहे. आता बागांची संख्या तीन हजारांपुढे आहे. लोक आपल्या घरची बाग वर्षातून एखाददुसऱ्या रविवारी उघडतात. तिकीट मोठ्या वाड्यांच्या निम्म्याहूनही कमी, सोबत चहा आणि घरचा केक, आणि मालकीणबाई स्वतः मातीचे हात पुसत तुम्हाला रोपाचं नाव सांगतात. मोठ्या बागांमध्ये ते मिळत नाही, तिथे झाडांवर पाट्याही क्वचितच असतात. सुटी नाणी जवळ ठेवा.

स्टोअरहेडचे फोटो बघितले. तळं, देवळं, झाडी. हा निसर्ग म्हणायचा की बनावट? आणि ‘हा-हा’ म्हणजे नेमकं काय? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

सगळी बनावट, आणि ती ओळखण्यातच तिची मजा. हेन्री होअर या बँकवाल्याने १७४०च्या दशकात हे काम काढलं. स्टोअर नदीच्या उगमाकडचं खोरं बंधारा घालून अडवलं, तळं केलं आणि त्याच्या काठाकाठाने हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुविशारदाकडून देवळं बांधून घेतली. त्यांत पूजा कधीच झाली नाही. त्या काळी इटलीची सफर करून आलेल्या धनिकांना रोमभोवतालच्या देखाव्यांची आणि तशा चित्रांची ओढ होती; त्यांनी ते चित्र जमिनीवर उतरवलं.

म्हणून इथे चालण्याची दिशा महत्त्वाची. तळं कायम डाव्या हाताला ठेवून चाला. मूळ फेरी अशीच आखलेली आहे. वाटेवरून पाण्यापलीकडे घुमटाचं देऊळ दिसतं, ते पँथिऑन. लगेच ते झाडीआड जातं. वाट खाली उतरते आणि तुम्ही दगडी गुहेत शिरता. आत अंधार, झऱ्याचं गार पाणी, झोपलेल्या अप्सरेचा पुतळा, आणि भिंतीतल्या एका भगदाडातून, पाण्याच्या जवळजवळ पातळीवरून, उजळलेलं तळं. बाहेर पडून चढलात की पँथिऑन एकदम समोर. उलट्या बाजूने गेलं तर हे सगळं दिसतं, पण क्रम बिघडतो. गोष्ट शेवटापासून वाचल्यासारखी. फेरी दोन-अडीच किलोमीटरची आहे, पण दीड-दोन तास हाताशी ठेवा. गुहेच्या पायऱ्या ओल्या असतात. तळव्याला पकड असलेला बूट हवा.

आता हा-हा. वाड्याच्या दिवाणखान्यातून बघितलं तर हिरवळ थेट क्षितिजापर्यंत जाते आणि तिच्यावर मेंढ्या चरतात. मग त्या फुलं खायला अंगणात का येत नाहीत? कारण मध्ये एक चर आहे. वाड्याच्या बाजूने तो उभा कापून दगड-विटांची भिंत बांधलेली, भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीला. पलीकडून उतार अलगद वर चढत कुरणाला मिळतो. मेंढी उतारावरून खाली येते आणि भिंतीशी अडते. वाड्यातून मात्र भिंतही दिसत नाही, चरही नाही. अगदी काठावर पोचल्यावर तोंडातून ‘हा!’ निघतो, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. बकिंगहॅमशरमधल्या स्टोला चार्ल्स ब्रिजमन या बागरचनाकाराने आखलेला हा-हा सुरुवातीच्या मोठ्या नमुन्यांपैकी. त्याच स्टोमध्ये १७४१ मध्ये लॅन्सलॉट ब्राउन माळी म्हणून लागला आणि पुढे त्याने देशभरच्या इस्टेटींचे सरळ रस्ते नि भौमितिक वाफे उखडून वळणदार तळी आणि झाडांचे पुंजके आणले. आज ज्याला आपण ‘अस्सल इंग्रजी निसर्ग’ म्हणून फोटोत पकडतो, त्यातला बराचसा त्याचा किंवा त्याच्या पंथाचा. एक इशारा: फोटोसाठी मागे मागे सरकताना हा-हाची कड ध्यानात ठेवा. भिंत माणसाच्या उंचीची असू शकते आणि कठडा नसतो.

नातवंडं बरोबर असतील. राउशमला जावं का? – एक वाचक, नागपूर

नाही. ऑक्सफर्डशरमधली ही विल्यम केंट या बागरचनाकाराने आखलेली बाग आमच्या मते इंग्लंडमधली सर्वांत शांत बाग आहे, आणि ती तशी राहण्याचं कारण हेच की १५ वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही. उपाहारगृह नाही, दुकान नाही. डबा आपला आपण न्यायचा. नातवंडांना चॅट्सवर्थला न्या, तिथे पाण्याचा दगडी धबधबा-जिना आहे (पाणी सोडलंय का ते आधी बघा) आणि जोसेफ पॅक्स्टनने १८४४ मध्ये उभारलेलं उंच कारंजं, तेही नुसत्या डोंगरावरच्या पाण्याच्या दाबावर चालणारं.

वाड्याच्या आत खुर्च्यांवर सुकलेली काटेरी बोंडं ठेवलेली असतात म्हणे. हे काय? – एक वाचक, सातारा

‘बसू नका’ हे न लिहिता सांगणं. टीझल नावाच्या रानझाडाचं ते वाळलेलं बोंड, कधी पाइनचं फळ. ज्या खुर्चीवर ते नाही आणि जिच्यावर साधी उशी आहे, तिच्यावर खुशाल टेका. खोल्यांत उजेड कमी असतो, कारण पडदे, गालिचे, जलरंग उन्हाने विटतात. फ्लॅश बंद ठेवा, पाठपिशवी पोटाकडे घ्या, टोकदार टाचेची पादत्राणं नकोत. लाकडी जमिनीवर त्यांचे खड्डे पडतात. कोपऱ्यात उभे असलेले आजी-आजोबा बहुधा स्वयंसेवक असतात. एक प्रश्न विचारा, अर्धा तास खुशीत सांगतील.

आम्ही अंडंसुद्धा खात नाही. – एक वाचक, सांगली

सूप-पाव, भाजलेला बटाटा आणि घेवड्याच्या बिया हे जवळपास सगळीकडे मिळतं. गरम जेवण दोन-अडीचला आटोपतं. केकमध्ये बहुधा अंडं असतं, स्कोन या छोट्या गोडसर पावावर चकाकीसाठी ते फासलेलं असू शकतं. काउंटरवर घटक विचारा. अंडं आणि दूध धरून १४ घटकांची माहिती देणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. घरून चिवडा, भाकरवडी, मेथीचे ठेपले न्या. पेढे, तूप, खवा मात्र विमानातून नेऊ नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे. डबा उद्यानाच्या मोकळ्या भागात खावा, फुलांच्या बागेत नव्हे.

भारताशी नातं सांगणारी एखादी बाग? – एक वाचक, अलिबाग

ग्लॉस्टरशरमधलं सेझिन्कोट. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने १८०५च्या सुमारास कांद्याच्या आकाराचा घुमट चढवलेला मुघल धाटणीचा वाडा बांधला. बागेची कल्पना टॉमस डॅनियल या चित्रकाराची: सूर्याचं देऊळ, आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसलेले नंदी. पुलाच्या खांबांना तुमच्या समोरच्या घारापुरीच्या लेण्यांचा आदर्श होता, असं मानतात. पुलावरून पुढे न जाता ओढ्यातले दगड धरून पुलाखाली उतरा, खांब तिथूनच दिसतात. आठवड्यातून मोजकेच दिवस आणि तेही दुपारी उघडं असतं. मोरटन-इन-मार्शच्या स्टेशनावरून टॅक्सी.

तिथल्या नर्सरीतून रोपं आणता येतील का? निदान बिया? – एक वाचक, डोंबिवली

खिशात घालून, नाही. रोपं, कंद आणि बिया आणायला २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिथला आरोग्य-दाखला लागतो. विमानतळावर माल जप्त होतो. शिवाय ब्लूबेल-ट्युलिपच्या कंदांना कडक थंडीचे काही आठवडे लागतात, ते डोंबिवलीत कुठून आणणार? नावं टिपून घ्या आणि गुलाबाच्या जाती इथल्या रोपवाटिकांत शोधा.

उलटा प्रवास मात्र झालेला आहे. इस्टेटींच्या ओढ्याकाठी जुलैपासून माणसाहून उंच, गुलाबी फुलांचं झाड माजलेलं दिसेल. ते आपल्या तेरड्याचंच हिमालयातलं भावंड. १८३९ मध्ये शोभेसाठी नेलं, आता तिथे उपद्रवी तण ठरलंय. त्याच्या शेंगा तेरड्यासारख्याच स्पर्शाने फुटतात आणि बी सात मीटरपर्यंत उडतं. लहानपणची खोड आठवून बोट लावाल. तेवढं करू नका, शेजारी उभा असलेला माळी ती रोपं दर उन्हाळ्यात उपटत असतो.